आपोआप कापलेली वर्गणी नेमकं काय मोजते?

युनियनची सभासद वर्गणी दर महिन्याला बँक खात्यातून आपोआप वळती व्हावी, हा प्रस्ताव ऐकायला इतका सोयीचा आहे की त्याला कोणी विरोध का करेल असं वाटतं. पावतीपुस्तक घेऊन फिरायला नको, सुट्टे पैसे नकोत, थकबाकीची यादी नको. त्यातला एक दावा मात्र मला तपासून पाहायचा आहे. तो असा : वर्गणी बँकेतून जाऊ लागली की युनियनचे खरे सभासद किती, हे एकदाचं नीट कळेल.

माझं शिक्षण विज्ञानातलं, कामगार कायद्यातलं नाही. तरीही हा विषय इथे घेतेय, कारण तो शेवटी मोजमापाचा आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना पुढे कधी ना कधी हा प्रश्न भेटतोच : मोजायची पद्धत बदलली, तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांना एकच नाव देता येतं का? मुंबईच्या उपनगरांत या प्रश्नावर माणसांचे पगार आणि नोकऱ्या ठरल्या आहेत, म्हणून उदाहरण इथलंच.

कायद्याने केलेली व्याख्या

आपण प्रयोगशाळेत जिला कार्यकारी व्याख्या म्हणतो, ती कायद्यातही असते. एखादी गोष्ट थेट मोजता येत नसेल, तर तिच्या जागी मोजता येईल अशी दुसरी गोष्ट ठरवायची. ‘हा माणूस या युनियनच्या बाजूने आहे का’ हे थेट दिसत नाही. म्हणून महाराष्ट्राने १९७१ साली केलेल्या कामगार संघ मान्यता कायद्यात (आपल्याकडे सगळे त्याला ‘एमआरटीयू’ म्हणतात, अंमल १९७५ पासून) सभासदाची व्याख्या पैशांनी केली. महिन्याला किमान ५० पैसे वर्गणी भरणारा तो सभासद. एका महिन्याची वर्गणी तो महिना संपल्यानंतर तीन महिन्यांत आली नाही की ती थकलेली धरायची. आणि मागच्या सहा महिन्यांत तीन महिन्यांहून जास्त काळाची वर्गणी थकलेली असेल, तर तो माणूस सभासद धरायचा नाही.

याच कायद्याने मान्यतेची अटही घातली. आस्थापनेतल्या किमान ३० टक्के कामगारांचं सभासदत्व, तेही अर्जाच्या आधीच्या सलग सहा महिन्यांत, असेल तरच युनियन मान्यतेसाठी अर्ज करू शकते. मान्यता मिळाली की वाटाघाटीच्या टेबलावर बसायचा हक्क येतो. म्हणजे वर्गणीची नोंद हा फक्त हिशोब नाही. पगारवाढीचा करार कोण करणार, हे तिच्यावरून ठरतं.

या व्याख्येत ‘थकणं’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. वर्गणी हाताने गोळा होत होती तेव्हा न देणं सोपं होतं. गेटवर कमिटी मेंबर उभा असेल, तर ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून निघून जाता यायचं. असे तीन-चार महिने गेले की नाव आपोआप गळायचं. राजीनामा लिहायला नको, कोणाशी भांडायला नको. कायद्याने गृहीत धरलेलं उपकरण हे होतं : दर महिन्याला एक छोटी कृती, आणि ती कृती झाली नाही की सभासदत्वाला हळूहळू ओहोटी. मान्यताप्राप्त युनियनला कायद्याने जे हक्क दिले, त्यातला एक तर अगदी बोलका आहे : जिथे पगार वाटला जातो, त्याच जागी सभासदांकडून वर्गणी गोळा करण्याचा हक्क. पगाराची खिडकी आणि पावतीपुस्तक शेजारी-शेजारी. पैसे हातात आलेले आहेत, त्यातले काही काढून द्यायचे की नाही, हे त्या माणसाने तिथे ठरवायचं.

तीन पद्धती, तीन वेगळी मोजमापं

आता वर्गणी येण्याच्या तीन वाटा समोर ठेवू.

पहिली, हातोहात. इथे मोजली जाते ती दर महिन्याची होकाराची कृती. पण या उपकरणात गोंगाट भरपूर. कमिटी मेंबरचा धाक वाटून पैसे देणारे असतात. एकाच वेळी दोन युनियनच्या पावत्या खिशात ठेवणारे असतात, कारण दोघांशीही वाकडं नको. कुणाची वर्गणी दुसऱ्यानेच भरून पावती फाडलेली असते. तेव्हा जुनी पद्धत पवित्र होती, असं म्हणायचं कारण नाही.

दुसरी, पगारातून कपात, ज्याला ‘चेक-ऑफ’ म्हणतात. वेतन प्रदान कायद्यात १९८२ च्या दुरुस्तीने ही तरतूद आली : कामगाराने लेखी संमती दिली असेल, तर नोंदणीकृत युनियनची फी मालक पगारातून कापू शकतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांसाठी १९९३ चे नियम याहून पुढे गेले. तिथे संघटनेची सभासदसंख्या पगारपत्रकातल्या कपातीवरूनच पडताळली जाते. मान्यतेसाठी त्या वर्गातल्या किमान ३५ टक्के कर्मचाऱ्यांचं सभासदत्व लागतं. इथे मोजली जाते ती कधीतरी एकदा दिलेली सही. शिवाय ती सही मालकाच्या फाइलमध्ये राहते. कोण कुठल्या युनियनचा, हे मालकाला नावानिशी कळतं, आणि कपातीचा नळही त्याच्याच हातात.

तिसरी, बँकेतून आपोआप. पूर्वी ईसीएस होतं, आता नॅक आहे, आणि जुलै २०२० पासून यूपीआय ऑटोपे. हे सगळं चालवणारी एनपीसीआय ही संस्था आपल्याच उपनगर जिल्ह्यात, वांद्रे-कुर्ला संकुलात बसते. या वाटेचा एक मोठा फायदा मान्य करायलाच हवा : मालक मधून बाहेर पडतो. पगार खात्यात आला, पुढचा व्यवहार कामगार, बँक आणि युनियन यांच्यातला. ज्या कारखान्यात युनियनचं नाव काढलं तरी बदली होते, तिथे ही गोष्ट लहान नाही. दुसरा फायदा हिशोबाचा. पासबुकातली नोंद खोटी पावती फाडण्याइतकी सोपी नसते.

पण मोजली काय जाते? ‘रद्द न करणं’. एकदा मॅन्डेट दिलं की दर महिन्याला काहीच करावं लागत नाही. पहिल्या वाटेत गप्प बसण्याचा अर्थ ‘नाही’ होता. या वाटेत गप्प बसण्याचा अर्थ ‘हो’ होतो. कायद्यातली व्याख्या तीच, शब्द तोच, आकड्याच्या पोटातला अर्थ मात्र उलटा झाला. माझी मुख्य हरकत ही आहे.

एक काल्पनिक कारखाना

समजा, अंधेरीच्या एमआयडीसीत ४०० कामगारांचा एक कारखाना आहे. (कारखाना आणि आकडे, दोन्ही मनचे.) ३० टक्के म्हणजे १२० सभासद हवेत. युनियनकडे १५० जणांची मॅन्डेट आहेत. त्यातल्या ४० जणांचा युनियनवरचा विश्वास उडालाय, पण महिन्याला २० रुपयांसाठी ॲप उघडून मॅन्डेट शोधण्याचा खटाटोप कोण करणार? ऑटो-डेबिटने सभासद १५०, मान्यता शाबूत. तेच ४० जण हातोहात वर्गणीच्या काळात केव्हाच थकबाकीत गेले असते. सभासद ११०, मान्यता धोक्यात.

आता उलटं करू. युनियन चांगली, १३० जण मनापासून तिच्यासोबत. पण त्यातल्या २५ जणांचा पगार दर महिन्याला उशिरा होतो. मॅन्डेटची तारीख ५, पगार येतो १२ ला. पाच तारखेला खात्यात काही नाही, व्यवहार परत. असं सलग अनेक महिने झालं आणि कोणी मागे लागून वर्गणी भरून घेतली नाही, तर सभासद १०५. माणसं युनियनसोबत, कागदावर युनियन नापास.

दोन्ही वेळा माणसांची मनं तीच होती. निकाल बदलला तो वसुलीच्या साधनामुळे. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिल्या प्रसंगात सेन्सर संपृक्त झालाय, खालची घसरण त्याला दिसतच नाही. दुसऱ्यात तो भलतंच काहीतरी मोजतोय : निष्ठा नव्हे, पाच तारखेची शिल्लक. आणि परत गेलेल्या नॅक व्यवहारावर बँका जो दंड लावतात, तो बहुतेकदा काही शे रुपयांचा असतो. अशा कारखान्यातल्या कामगारांसाठी नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या केंद्रीय कायद्याने ठरवलेली युनियनची किमान वर्गणी वर्षाला १२ रुपये होती. म्हणजे एका चुकलेल्या हप्त्याचा दंड कित्येक वर्षांच्या किमान वर्गणीहून जास्त. तो भरल्यावर कामगाराने मॅन्डेटच बंद केलं, तर ते युनियनवरचं मत समजायचं का?

‘लोक विसरतात’ याला पुरावा काय?

हा प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा. युनियनच्या वर्गणीबद्दल मी आत्ता जे म्हटलं, तो एक तर्क आहे. पण आपोआप पैसे जाण्याच्या सवयीवर दुसऱ्या क्षेत्रांत चांगलं काम झालंय.

डेलाविन्या आणि मालमेंडियर यांनी २००६ साली अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांच्या साडेसात हजारांहून अधिक सभासदांच्या नोंदी तपासून एक लेख प्रसिद्ध केला. आपोआप नूतनीकरण होणारी मासिक वर्गणी घेणाऱ्यांनी जिमला जायचं थांबवल्यानंतर सभासदत्व रद्द करेपर्यंत सरासरी दोन महिन्यांहून जास्त काळ गेला होता. अलीकडे आयनाव, क्लोपॅक आणि माहोनी यांनी ऑनलाइन सेवांच्या वर्गण्या तपासल्या. त्यांची युक्ती सुंदर आहे. कार्डाची मुदत संपून नवीन कार्ड आलं की ग्राहकाला वर्गणी चालू ठेवायची की नाही हे मुद्दाम ठरवावं लागतं. नेमक्या त्याच वेळी रद्द होण्याचं प्रमाण उसळी मारतं. सेवा तीच, ग्राहक तोच. फक्त प्रश्न विचारला गेला.

युनियन म्हणजे जिम नव्हे, हे खरं. जिमला न गेलेल्याला काही मिळत नाही. युनियनने केलेल्या पगारवाढीचा फायदा बैठकीला न जाणाऱ्यालाही मिळतो. म्हणून गप्प राहून वर्गणी देणारा प्रत्येक जण ‘विसरलेला’ आहे, असं म्हणणं चूक ठरेल. काही जण मनापासून सोबत असतात, फक्त बोलत नाहीत. अडचण अशी की ऑटो-डेबिटच्या आकड्यावरून या दोघांना वेगळं करता येत नाही.

यावर एक उत्तर दिलं जातं : रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्ड आणि यूपीआयवरच्या आवर्ती पेमेंटआधी किमान २४ तास सूचना येतेच की. येते. पण ‘उद्या तुमच्या खात्यातून २० रुपये जातील’ ही माहिती आहे, प्रश्न नाही. तिला उत्तर दिलं नाही तरी पैसे जातात.

नोंदवही आणि रस्ता

सभासद नोंदवही आणि कामगारांचं मन यांत किती अंतर पडू शकतं, हे मुंबईने एकदा फार मोठी किंमत देऊन पाहिलंय. घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवणारे डॉ. दत्ता सामंत खाणकामगारांपासून सुरुवात करून उपनगरांतल्या कारखान्यांचे नेते झाले. १८ जानेवारी १९८२ ला त्यांच्या नेतृत्वाखाली गिरणगावात सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पण कापड गिरण्यांना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता आणि त्यानुसार प्रातिनिधिक युनियन होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. त्या दर्जासाठी २५ टक्के सभासदत्व पुरेसं होतं. कामगार रस्त्यावर एकाच्या मागे, कायदा दुसऱ्याच्या मागे. वाटाघाटी कोणाशी करायच्या, हा पेच शेवटपर्यंत सुटला नाही. तो कायदा रद्द करावा, ही संपकऱ्यांची एक मागणीच होती. संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. तो विरून गेला, आणि त्यासोबत हजारो घरांची मिळकतही.

इथे घाईने निष्कर्ष काढू नका. १९८२ च्या नोंदवहीत ऑटो-डेबिट नव्हतं. म्हणजे वर्गणीची नोंद हा जुन्या काळीही अपुरा पुरावा होता. मुद्दा एवढाच की जे उपकरण आधीच डळमळीत होतं, त्याला आपण आता असं यंत्र जोडतोय जे घसरण दाखवतच नाही. आणि हिशोब मात्र आधीपेक्षा नीटनेटका दिसतो, म्हणून त्यावर विश्वास जास्त बसतो. दोन दशांश स्थळांपर्यंत चुकीचं उत्तर देणारं यंत्र हे ‘साधारण एवढं’ म्हणणाऱ्या यंत्रापेक्षा धोकादायक असतं, हे प्रयोगशाळेत वेगळं सांगायला लागत नाही.

जे मोजणीतच नाहीत

मुलुंड-भांडुपचा लालबहादूर शास्त्री मार्ग एकेकाळी कारखान्यांची रांग होता. आज त्यातल्या बऱ्याच जागांवर मॉल आणि टॉवर आहेत. तिथे काम करणारे लोक कमी नाहीत : सुरक्षारक्षक, सफाईवाले, सामान पोचवणारे, घरकाम करणाऱ्या बाया. पण यातले बहुतेक जण ज्या जागी राबतात, त्या जागेच्या हजेरीपटावर नसतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत एकाहून जास्त युनियन असतील, तर वाटाघाटीचा एकमेव हक्क मिळवायला हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. छेद ठरतो हजेरीपटाने. जो पटावर नाही, तो अंशातही नाही आणि छेदातही नाही.

या लोकांसाठी बँकेची वाट हीच खरी आशा, असं म्हणता येईल, कारण पगारातून कपात करायला पगारपत्रकच नाही. शोधछात्रांचीही स्थिती तीच आहे. जेआरएफची रक्कम २०२३ पासून ३७,००० रुपये झाली, पण ती शिष्यवृत्ती, वेतन नव्हे. उद्या आपण संघटना केली, तर वर्गणी यूपीआयनेच येणार. म्हणून माझी टीका ऑटोपे बंद करा अशी नाही. कमाई अनियमित असणाऱ्यांसाठी ठराविक तारखेचं मॅन्डेट हे मासिक पगारदाराच्या मापाचं कापड आहे. तिथे रक्कम आणि तारीख सभासदाने निवडावी, आणि व्यवहार परत गेला तर फोन करणारा माणूस असावा.

आणि हा माणूसच बहुतेकदा हिशोबातून सुटतो. पावती फाडायला आलेला कमिटी मेंबर फक्त पैसे न्यायचा नाही. ‘ओव्हरटाइमचं काय झालं’ हे त्यालाच ऐकून घ्यावं लागायचं. वसुली यंत्राकडे दिली, तर वाचलेला वेळ त्या बोलण्याला द्यावा लागेल. नाहीतर वर्गणी वाढेल आणि ऐकणं बंद पडेल.

मग करायचं काय?

ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने पगारातून युनियनची फी कापायला दर तीन वर्षांनी कामगाराची नव्याने लेखी संमती सक्तीची केली. १९९८ मध्ये ती अट काढली. पुन्हा विचारण्याची कल्पना वाईट नव्हती. पण ती युनियनच्या मागे लागलेल्या सरकारने लादली होती, त्यामुळे युनियनना ती अडवणूक वाटली, आणि ते समजण्यासारखं आहे. यातून मी घेते तो धडा असा : प्रश्न पुन्हा विचारला जावा, पण तो युनियनने स्वतःहून विचारावा. मॅन्डेटला शेवटची तारीख असते. ती वर्षभरापुढची टाकता येते. नूतनीकरणाच्या निमित्ताने वर्षातून एकदा प्रत्येक सभासदाशी बोलणं होईल. काही जण गळतील. गळू द्यावेत, ते आधीच गेलेले होते, फक्त दिसत नव्हते.

आणि मान्यता ठरवायची असेल, तर वर्गणी आणि पाठिंबा या दोन राशी वेगळ्या मोजाव्यात. रेल्वेत २००७ पासून युनियनच्या मान्यतेसाठी गुप्त मतदान होतं. अलीकडचं डिसेंबर २०२४ मध्ये झालं. मतपत्रिका विसरून पडत नाही. ती त्या दिवशी टाकावी लागते.

संशोधनाला बसणाऱ्यांसाठी यातलं काम असं. तुमच्या हातात कुठल्याही संस्थेच्या सभासदांची दहा-वीस वर्षांची आकडेवारी आली, तर आलेख काढण्याआधी एक रकाना वाढवा : त्या वर्षी वर्गणी कशी घेतली जात होती. हातोहात, पगारातून, की बँकेतून. पद्धत बदलली त्या वर्षी उभी रेघ मारा. रेघेच्या दोन्ही बाजूंना गळतीचा दर वेगवेगळा काढा. रेघेनंतर गळती अचानक जवळपास शून्यावर आली असेल, तर ‘निष्ठा वाढली’ असं लिहिण्याआधी थांबा. शक्य असेल तर बैठकीची हजेरी, मतदान, तक्रारींची संख्या असा दुसरा एखादा मापक शेजारी ठेवा. दोन्ही एका दिशेने जात असतील तर बोला. नसतील, तर त्या दोघांमधली फट हाच तुमच्या प्रबंधाचा विषय असू शकतो.